जुळवलेलं पाणी

आमच्या घरात दोन पिंपं होती, एक पांढरं आणि एक काळं. पांढऱ्यात गोडं पाणी, काळ्यात खारं. भाईंदर पूर्वेला त्या काळी कुणाच्याही घरी गेलात तरी स्वयंपाकघराच्या दाराशी अशी जोडी उभी दिसायची. गोडं म्हणजे नळाचं, जे दिवसाआड येईल असं सगळे म्हणत आणि ते यायचं आपल्या मर्जीने. नाहीतर टँकरचं. खारं म्हणजे बिल्डिंगच्या बोअरचं, त्याला तोटा नव्हता. त्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे आणि आंघोळ करून बाहेर आलं तरी अंग चिकट ते चिकटच. पाहुणा हात धुवायला उठला की मी आतून ओरडायची, "काळ्यातलं घ्या!" तरीही त्याने पांढऱ्यात तांब्या बुडवला तर माझं तोंड वाकडं व्हायचं आणि मी ते लपवतही नसे.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. तिथे पाणी म्हणजे पाणी. पाण्यालाही आडनाव लागतं हे मला इथे येऊन कळलं. आमच्या घरात मासे कसे आले आणि कसे गेले, ते या दोन पिंपांशिवाय सांगता येणार नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

आमचे हे रंगाच्या कंपनीत होते. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक एखादा पत्र्याचा तुकडा नाहीतर कपाटाची फळी पाठवायचं आणि म्हणायचं, हुबेहूब असाच रंग पाहिजे. हे पांढऱ्या रंगात दुसरे रंग थेंबाथेंबाने घालत, ढवळत, पट्टीवर ओढून वाळवत आणि ती पट्टी उन्हात धरून बघत. नवा डबा जुन्या डब्यासारखा निघाला पाहिजे, सगळी विद्या एवढ्यासाठी. मनासारखं झालं की म्हणत, "जुळलं." हा त्यांचा शब्द. आमटीत मीठ बरोबर पडलं तरी "जुळलं". मला बघायला आले होते तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलले असतील, तर माझा ब्लाउज साडीच्या काठाशी जुळत नाही. खरं होतं, म्हणूनच मला राग आला. आणि लग्न केलं तेही त्याच रागाने, असं मी पुढे कितीतरी वर्षं मैत्रिणींना सांगून हसवत असे.

मग कंपनी गुजरातेत गेली. तिकडे म्हणे शेड जुळवायला मशीन होतं. डोळ्यांची गरज उरली नव्हती. हे तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आधी काही दिवस रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, या ना त्या ओळखीच्या माणसाला भेटून यायचे. मग इस्त्री गेली, मग दाढी गेली, मग बाहेर पडणंच गेलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ती भिंतही त्यांनीच जुळवलेल्या रंगाची. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी कामावर गेले की घरात ते आणि ती भिंत. संध्याकाळी जिना चढून बेल वाजवली आणि दार उघडलंच नाही तर काय करायचं, ही एकच भीती मला त्या वर्षी होती. दुसऱ्या कशाची भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

मीरा रोडला एका डॉक्टरकडे त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मन रमवा म्हणाले, म्हणजे जे शेजारीपाजारी फुकट सांगत होते तेच. पण दवाखान्यात बाहेर बसायच्या जागी एक फिश टँक होता. त्यात केशरी गोल्डफिश फिरत होते. हे त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रंग कच्चा आहे." एवढंच. पण ते आपणहून बोलले होते. मी ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं.

माझ्या ऑफिसजवळ बाजारात माशांचं एक दुकान होतं. एका शनिवारी मी यांना जवळजवळ ओढतच तिथे नेलं. माझ्या मनात चार गोल्डफिश आणि एक गोल बरणी होती. पण आत कोपऱ्यातल्या टाकीत बोटाएवढा एक निळा मासा होता. निळा म्हणजे काय सांगू, दिवाळीत फुलबाजी पेटते तेव्हा मधोमध जो निळा ठिपका दिसून जातो ना, तो आख्खा मासाभर. हे टाकीसमोर खाली उकिडवे बसले. डोळे किलकिले केले, पट्टी उन्हात धरल्यावर करायचे तसे.

"हा निळा मला कधी जुळला नाही," ते म्हणाले. "आयुष्य गेलं. हा काय समोर पोहतोय."

दुकानदार चांगला माणूस होता, त्याने परावृत्त करायचा प्रयत्न केला. "साब, ये समंदर की मछली है. खारा पानी लगता है. बहुत झंझट. पहले गोल्डफिश रखो."

"खारं पाणी?" मी म्हटलं आणि हसायला लागले. "हमारे भाईंदर में दुसरा कुछ मिलता ही नहीं."

त्याला विनोद कळला नाही. यांचा हट्ट बघून त्याने सगळं नीट सांगितलं. पाणी समुद्राचंच आणायचं. टँकमध्ये शिंपल्यांची वाळू घालून, पंप लावून, महिनाभर तो रिकामाच चालवायचा, तोवर मासा घालायचा नाही. खारेपणा मोजायची एक काचेची नळी असते, ती तेव्हा त्याच्याकडे नव्हती, आली की घेऊन जा म्हणाला. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "और पानी उडता रहता है, तो रोज थोडा पानी डालते रहना." यांनी मान हलवली. मीही हलवली. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

केबिन रोडवरच्या काचवाल्याने टँक जोडून दिला. तो बैठकीच्या खोलीत ट्रंकेवर ठेवला, खिडकीपासून दूर, पंख्याखाली. मग आम्ही कॅन घेऊन बसने उत्तनला गेलो. किनाऱ्यावर एक कोळीण सुकत घातलेले बोंबील उलटत होती. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून कॅन भरतोय हे बघून ती धावतच आली.

"अगो बाय, इतकी पाण्याची टंचाई हाय काय तुमच्याकडं? ह्ये प्यायचं न्हाय हां!"

मी तिला सांगितलं, माशांसाठी नेतोय. ती आमच्याकडे बघत राहिली. मासे पाण्यातून काढून विकण्यात तिचा जन्म गेला होता. माशांसाठी पाणी न्यायला आलेली माणसं तिने पहिल्यांदाच बघितली असणार.

परतीच्या बसमध्ये तर कहर झाला. भाईंदरच्या बसमध्ये भरलेले कॅन म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक. एक बाई कानाशी येऊन म्हणाली, "कुठे मिळालं हो? गोडं आहे ना?" मी खारं आहे म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. तिला वाटलं असणार, मी जागा लपवतेय. हे ते ऐकून हसले. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसले. मी त्यांना हसताना किती दिवसांनी बघत होते ते मला आठवेना, आणि बसमध्ये सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले.

मग महिनाभर रिकाम्या पाण्याची राखण. पंप घुर्र घुर्र करायचा, बुडबुडे यायचे, आणि आत काही नाही. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन बघायला आल्या, टँकला चहूबाजूंनी न्याहाळून म्हणाल्या, "पण मासा क्यां छे?" मी म्हटलं, यायचाय अजून, बारशाची तयारी चाललीय. वीज गेली की पंप बंद, मग हे मगाने टँकमधलं पाणी उचलून उंचावरून परत सोडत बसायचे, हवा मिसळावी म्हणून. माशाशिवाय. मी चिडवायची, पण मनातून मला बरं वाटायचं. कारण त्यासाठी त्यांना पलंगावरून उठावं लागायचं.

शेवटी निळा मासा आला. सोबतीला एक केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचाही आणला. बेन पुन्हा आल्या, दोन्ही माशांना हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात मासा आला अने जिवतो राहिला, ए मोठी वात." आमच्याकडच्या तळलेल्या माशांच्या वासाने दर रविवारी त्यांच्या खिडक्या बंद व्हायच्या, तेव्हा त्यांना बोलायचा हक्क होता.

हे सकाळी उठू लागले. दाढी करून टँकसमोर चहा प्यायचे. काचेवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारली होती. रोज पाणी रेघेच्या थोडं खाली उतरलेलं असायचं आणि ते भरणं हे त्यांचं काम झालं. त्यांनी विचार असा केला: उडालेलं पाणी खारं होतं, म्हणजे भरायचं तेही खारंच. पांढऱ्या पिंपातलं गोडं पाणी खाऱ्या टँकमध्ये ओतणं हा वेडेपणा कोण करेल? आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणी केला नसता. मग काळ्या पिंपातलं घ्यायचं. पण हे काही अदमासाने काम करणारे नव्हते. बोटाने टँकमधलं पाणी जिभेवर घेतलं, मग बोअरचं घेतलं. बोअरचं समुद्राइतकं खारं नव्हतं. मग त्यांनी मिठागराचं खडेमीठ आणलं आणि बोअरच्या पाण्यात थोडंथोडं घालून, ढवळून, चाखून दोन्ही चवी एक केल्या.

"जुळलं," ते म्हणाले.

तो शब्द मी कंपनी गेल्यापासून ऐकला नव्हता. मला वाटलं, आता सगळं होईल.

आणि थोडे दिवस खरंच तसं वाटलं. केबिन रोडलाच एका रंगाच्या दुकानदाराला शेड बनवून देणारा माणूस हवा होता. हे स्वतः जाऊन बोलून आले. दुकानदार म्हणाला, या कधीही. "मासे जरा रुळू देत," हे मला म्हणाले, "मग जातो." मी त्यांचे दोन शर्ट इस्त्रीला टाकले.

एप्रिल सुरू झाला. पंखा दिवसभर फिरायचा. टँकमधलं पाणी रेघेखाली भराभर उतरायचं आणि हे भराभर जुळवून ओतायचे. काचेच्या कडेला पांढरी खरखर धरू लागली, पंपाच्या वायरवरही. ते रोज ओल्या फडक्याने पुसून काढायचे. समुद्राचं आहे, चालायचंच, म्हणायचे. जिभेला फरक कळत नव्हता. ज्या टँकशी जुळवायचं तो टँकच रोज थोडा पुढे सरकत होता, आणि आमच्या जिभा तशाही खाऱ्याला सरावलेल्या.

बदल त्यांना दिसला तो डोळ्यांनी. एका सकाळी चहाचा कप हातातच राहिला.

"एक शेड खाली आलाय," ते म्हणाले.

मला मासा निळाच दिसत होता. पुढच्या काही दिवसांत मलाही दिसू लागलं. निळा काळपटत गेला. केशरी मासा कोपऱ्यात तळाशी बसून जोरजोरात कल्ले हलवायचा. हे घाबरले आणि घाबरलेला माणूस जे आपल्याला येतं तेच जास्त मन लावून करतो. त्यांनी पाणी अधिक काळजीने जुळवायला घेतलं. तीनतीनदा चाखून. इतक्या मायेने कुणी कुणाला मारलं नसेल.

आधी केशरी गेला. मग निळा. त्याला त्यांनी तळहातावर घेतलं, खिडकीशी उन्हात नेलं आणि डोळे किलकिले करून बघितलं. पाण्याबाहेर तो कुठल्याच रंगाचा नव्हता.

"माझ्या हाताला यशच नाही," ते म्हणाले आणि मासा माझ्या हातात देऊन पलंगावर जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

मी ऑफिस सुटल्यावर भांडायच्या तयारीने दुकानात गेले. आजारी मासे गळ्यात मारले म्हणून चांगली खरडपट्टी काढणार होते. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी डालते थे ना रोज? मीठा पानी?"

"मीठा?" मी म्हटलं. "खारे टँक में मीठा पानी किसलिए?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "बहनजी, उडता तो सिर्फ पानी है. नमक थोडी उडता है."

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याचा दोष नव्हता. रोज पाणी टाका, असं त्याने सांगितलं होतं. त्याच्या नळाला एकच पाणी यायचं. कुठलं, हे सांगायची गरज त्याला कशी वाटावी? आणि कुठलं, हे विचारायची गरज आम्हाला वाटली नाही, कारण आमच्या घरात त्याचं उत्तर आधीच उभं होतं, काळ्या रंगाचं, झाकणासकट.

घरी आले. हे तसेच पडून होते. न वळताच विचारलं, "काय म्हणाला?"

"मुळातच आजारी होते म्हणाला."

"खोटं बोलतोय," ते भिंतीला म्हणाले. "आणला तेव्हा रंग चांगला होता."

आजही तशी वेळ आली तर मी तेच खोटं सांगेन. जुळवणं एवढी एकच गोष्ट त्या माणसाला येत होती. त्या जुळवण्यानेच मासे मेले, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? दुसरे मासे आणू या, असं मी एकदा सुचवून बघितलं. त्यांनी ऐकल्याचंही दाखवलं नाही. रंगाच्या दुकानदाराने थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरा माणूस ठेवला. इस्त्रीचे शर्ट मी कपाटात परत ठेवले.

टँक मात्र वाया गेला नाही. भाईंदरमध्ये पाणी राहील असं भांडं कुणी टाकून देत नाही. मी तो घासून, उन्हात तापवून घेतला आणि नळाला पाणी आलं की त्यात गोडं पाणी भरून ठेवू लागले. वर पाट झाकण म्हणून. ट्रंकेवर, पंख्याखाली, जिथे निळा मासा फिरायचा तिथे आमचं प्यायचं पाणी. बेन बघून म्हणाल्या, "हे चांगलं केलं." आणि खरंच, काचेतून किती शिल्लक आहे ते लगेच दिसायचं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, मी तांदूळ निवडत बसले होते आणि हे खिडकीशी उभे होते. आमच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. चौकोनी वाफे, त्यात चकाकणारं पाणी, बांधावर मिठाचे पांढरे ढीग. आम्ही तिथे राहायला आल्या दिवसापासून ते रोज डोळ्यांसमोर होतं. मुंबईहून पाहुणे आले की आम्हीच त्यांना खिडकीशी नेऊन सांगायचो, बघा, खाडीचं पाणी आत घेतात, ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ मागे राहतं.

"पाणी उडतं," हे हळूच म्हणाले. "मीठ राहतं."

माझा हात सुपात थांबला. ते वळले. आधी त्यांनी टँककडे बघितलं, मग काळ्या पिंपाकडे, मग माझ्याकडे. डोळे तसेच किलकिले. दोन शेडमधला फरक कुणाच्याही आधी दिसणारे ते डोळे होते, माझा चेहरा त्यांना वाचता आला नसता तरच नवल.

"तुला ठाऊक होतं."

"हो," मी म्हटलं. "अहो, पण कुणीही हेच केलं असतं. बेननीसुद्धा. अख्ख्या भाईंदरने हेच केलं असतं."

"अख्खं भाईंदर शेड नव्हतं जुळवत," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते, ते ओरडतील, एवढे दिवस सांगितलं का नाहीस विचारतील. ते सावकाश जाऊन पलंगावर पडले.

त्यानंतर त्यांनी घरातल्या पाण्याला कधी हात लावला नाही. नळ आला तरी पिंपं मी भरायची, आंघोळीची बादली मी काढून द्यायची, प्यायचा पेलासुद्धा मीच भरून पलंगाशी न्यायची. पेला पुढे केला की ते विचारायचे, "गोडं आहे ना?" मी म्हणायची, "गोडं आहे."

काही वर्षांनी आमच्याकडे नळाला रोज पाणी येऊ लागलं. बोअर बंद झाली, काळं पिंप मी भंगारवाल्याला दिलं. घरात एकच पाणी उरलं, गिरगावात होतं तसं. तरी पेला नेला की ते विचारायचेच, "गोडं आहे ना?" मी हो म्हणायची. मग ते पेला हातात धरून बघत राहायचे आणि बहुतेक वेळा, एक घोटही न घेता, तसाच खाली ठेवायचे.